ट्रेकिंग पोलची जोडी : गुडघे कुरकुरणाऱ्यांसाठी सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगते, ब्रँडचं नाव लिहीत नाहीये. ऑनलाइन हजार ते दीड हजारात तीन भागांची, ॲल्युमिनियमची, लिव्हर लॉकवाली जी जोडी मिळते ती चार-पाच वेगवेगळ्या नावांनी हुबेहूब तीच येते, स्टिकर तेवढा वेगळा. माझी सेलमध्ये बाराशेच्या आसपास पडली. त्यामुळे हा रिव्ह्यू एका कंपनीचा नसून ह्या जातीच्या काठीचा आहे असं समजा. वापर म्हणाल तर अख्खा पावसाळा, मग हिवाळा आणि आता हे घसाऱ्याचे, म्हणजे सुक्या सुट्या मातीवरून पाय घसरायचे दिवस, जास्त करून सिंहगडावर, अधूनमधून राजगड, मध्ये कळसूबाईपण झालं.

थोडं माझ्याबद्दल, म्हणजे रिव्ह्यू कुठल्या गुडघ्यातून आलाय ते कळेल. पन्नाशी गाठत आलेय, पतसंस्थेत अकाउंट्सला आहे, दिवसभर खुर्ची आणि मार्च एंडिंगला तर रात्रीसुद्धा खुर्ची. राहायला सिंहगड रोडला, त्यामुळे गड हीच आमची जिम. आमच्या सोसायटीत रविवारी पहाटे गडावर पळणारे बरेच आहेत, घड्याळात मिनिटं मोजतात, खाली आल्यावर ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतात, मी त्यातली नाही. मी जाते घाम काढायला आणि डोकं रिकामं करायला, ह्याच क्रमानं. दोनेक वर्षांपासून उजवा गुडघा उतरताना बोलायला लागला, चढताना काही नाही, उतरताना मात्र वाटीच्या खाली बरोबर एका जागी कळ. हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, एक्स-रे झाला, फार काही निघालं नाही, वयानुसार झीज म्हणाले, मांडीचे स्नायू मजबूत करायला व्यायाम दिले आणि शेवटी म्हणाले चढा खुशाल, उतरायचं टाळता आलं तर बघा.

आता गड चढल्यावर उतरायचं कसं टाळणार? तर सिंहगडावर ते जमतं. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, शेअर जीपवाले असतात, सीटमागे पैसे घेतात आणि खाली सोडतात. मग माझं तेच सुरू झालं, चढायचं पायी आणि उतरायचं जीपमध्ये चेपून बसून.

पण खरं सांगू का, जीपनं उतरायला लागल्यापासून घाम तेवढाच निघायचा, दम तेवढाच लागायचा, फक्त घरी आल्यावर डोकं काही हलकं नसायचं. हे का होतंय ते बरेच दिवस कळेना. मग लक्षात आलं की चढताना आपलं तोंड डोंगराकडे असतं, दिसतं काय तर पुढच्याच्या टाचा आणि दगड, आणि सगळं लक्ष श्वासात. पायथ्याच्या आतकरवाडीतून वर गडाच्या पुणे दरवाजापर्यंत तीन किलोमीटरच्या आत जवळजवळ सहाशे मीटर उंची चढायची असते, त्यात आजूबाजूला बघायला दम कुठे शिल्लक राहतो. उतरताना तोंड दरीकडे, समोर खडकवासल्याचं पाणी, पावसाळ्यात खालची भातखाचरं, वारा अंगावर, श्वास मोकळा, बोलावंसं वाटलं तर बोलता येतं आणि गप्प बसावंसं वाटलं तर कुणी काही म्हणत नाही. आठवडाभराचं साचलेलं सगळं माझं तरी तिथेच निचरतं. जीपमध्ये काय निचरणार, तिथे घाटातल्या वळणांवर पोट सांभाळायचं आणि शेजारच्याच्या मोबाइलवरची रील ऐकायची.

ह्यावर अभ्यासपण झालेत बरं का. स्टॅनफर्डवाल्यांचा २०१५ सालचा एक आहे, त्यात काही जणांना दीड तास झाडा-गवतातून चालायला लावलं आणि काहींना तेवढाच वेळ वाहत्या मोठ्या रस्त्याच्या कडेनं, आणि झाडांतून चाललेल्यांचं स्वतःबद्दल तेच तेच वाईट घोळवत बसणं कमी झालेलं दिसलं, रस्त्यावाल्यांचं नाही. पण त्या लोकांना काही छातीवर येणारा चढ दिलेला नव्हता, साधं चालणं होतं. म्हणजे आमच्या गडाच्या हिशेबात उतारच झाला की तो. तर मला माझा उतार परत पाहिजे होता, आणि एवढ्याचसाठी ह्या काठ्या घेतल्या. कुणी फिटनेससाठी घेत असेल, कुणी हिमालयात जायचंय म्हणून घेत असेल, माझा मुद्दा एवढाच होता आणि रिव्ह्यू त्याच अंगानं वाचा.

आता वस्तूकडे येते. बॉक्समध्ये दोन काठ्या, चार रबरी टोप्या, दोन छोट्या चकत्या म्हणजे ज्याला बास्केट म्हणतात त्या, आणि एक पातळशी पिशवी जी पहिल्या महिन्यात फाटली. एका काठीचं वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास, हातात घेतल्यावर वाटतं एवढी हलकी, मोडणार तर नाही? मोडली नाही. ॲल्युमिनियम जोर पडला तर वाकतं, कार्बन फायबर आडव्या धक्क्याला एकदम तुटतं, म्हणून आपल्या दगडधोंड्यांच्या वाटांना ॲल्युमिनियमच बरं असं माझं मत झालंय. कार्बनची हलकी असते हे खरं, पण किंमत तिप्पट-चौपट आणि कातळाच्या फटीत अडकली की संपलं. सगळं महागातलंच घ्यायची काही गरज नाही.

लॉक दोन प्रकारची येतात, एक पिळून घट्ट करायचं आणि एक बाहेरून लिव्हर दाबायचं. लिव्हरवालंच घ्या, ह्यात दुसरं मत नाही. पिळायचं लॉक घामट हातानं किंवा पावसात नीट घट्ट होत नाही आणि घट्ट झालं की मग सुटत नाही, माझ्या नणंदेकडे तसली आहे, तिची एक काठी गेले काही महिने एकाच उंचीवर अडकलीय आणि ती आता घरात माळ्यावरच्या पिशव्या ओढायला वापरतात. लिव्हरचं बरं असतं, खटकन उघडलं, लांबी बदलली, खटकन बंद.

लांबीचं गणित बऱ्याच जणांना माहीत नसतं, दुकानदारपण सांगत नाहीत. सपाटीवर टोक जमिनीला टेकवून उभं राहायचं, कोपरात काटकोन झाला की ती आपली लांबी. माझी उंची पाच फूट दोन, मला १०५ सेंटीमीटर बरोबर बसतं. चढाला पाच-दहा सेंटीमीटर कमी करायची, उताराला पाच-दहा वाढवायची. मी चढताना बहुतेक वेळा काठ्या वापरतच नाही, सॅकला अडकवून टाकते, आणि पुणे दरवाजातून खाली निघताना ११५ वर लावते. काठीवर आकडे छापलेले असतात पण ते पावसाळा संपेपर्यंत पुसट झाले, मग मी मुलीच्या नेलपॉलिशनं माझ्या दोन खुणा करून टाकल्या, लाल म्हणजे सपाटी आणि हिरवी म्हणजे उतार. हे कंपनीला सुचायला पाहिजे होतं खरं तर.

मुठीला फोम आहे. कॉर्क चांगला म्हणतात, घाम शोषतो, पण ह्या किमतीत कॉर्क म्हणून जे देतात तो बऱ्याचदा वरवरचा असतो, भुगा निघतो. फोम ठीक आहे, पावसात ओला राहतो आणि घरी आल्यावर दोन दिवस वाळवला नाही तर वास मारतो. नुसत्या प्लॅस्टिकची मूठ असलेली मात्र अजिबात घेऊ नका, अर्ध्या तासात तळहाताला फोड.

आता मुख्य प्रश्न, गुडघ्याला फरक पडतो का? माझ्यापुरतं उत्तर हो, आणि चांगलाच. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत आपलं अख्खं वजन झेलत असतो आणि त्याचा दाब वाटीवर येतो, म्हणून चढताना न दुखणारा गुडघा उतरताना दुखतो. काठी टेकवली की त्यातला काही भार खांद्या-दंडांकडे जातो. १९९९ साली युरोपात ह्यावर मोजमाप झालेलं आहे, २५ अंशांच्या उतारावर काठ्यांमुळे गुडघ्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. आता तो उतार प्रयोगशाळेतला, गुळगुळीत फळीचा, आणि आपला उतार म्हणजे मुरूम, सुटे दगड आणि मध्येच कुणीतरी सोडलेली पाण्याची बाटली, त्यामुळे आकडा डोक्यात धरून बसू नका. मला कळ यायची ती पूर्ण गेली असंही नाही. पूर्वी निम्म्या वाटेत सुरू व्हायची, आता बहुधा शेवटच्या टप्प्यात, वाडी दिसायला लागल्यावर कुठेतरी चाहूल लागते. डॉक्टरांनी दिलेले मांडीचे व्यायाम चालू आहेत हेही सांगायला हवं, सगळं श्रेय काठीला द्यायला नको.

पण गुडघ्यापेक्षाही मला जो फरक मोठा वाटतो तो डोळ्यांचा. गुडघा दुखायची भीती असली की माणूस उतरताना फक्त पायाखाली बघतो. प्रत्येक पाऊल ठरवून टाकायचं, हा दगड हलतोय का, इथे माती सुटी आहे का, आणि अंग सगळं आखडलेलं. असं उतरून कसलं डोकं रिकामं होतंय, उलट आणखी एक काळजी. दोन काठ्या असल्या की चार ठिकाणी टेका मिळतो, पाऊल थोडं इकडेतिकडे पडलं तरी सावरता येतं, आणि मग हळूहळू मान वर होते. मला आठवतंय, श्रावणात एकदा ढग वाटेवरच उतरले होते, दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं, आणि मी चालता चालता कारवीच्या पानांवर पाणी कसं थेंबाथेंबानं शिरेवरून टोकाला येतं ते बघत होते. चालता चालता! आधीच्या वर्षी असलं काही बघायला मला थांबावं लागलं असतं, आणि थांबले की मागचे पुढे काढायची घाई करतात, वीकेंडची गर्दी तुम्हाला माहीतच आहे.

लोक हसतात का? हसतात. "काकू, स्कीइंगला का?" हे ऐकून झालंय. आमच्याच ग्रुपमधल्या एकानं विचारलं की हिमालयात निघालात काय, सिंहगडाला काठ्या म्हणजे जरा अतीच. त्याला म्हटलं तुझे गुडघे चाळिशीचे आहेत रे बाबा, थांब जरा. मला स्वतःला पहिले काही दिवस लाजच वाटायची, काठी म्हणजे म्हातारपण हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण धनगर काठीशिवाय डोंगर चढतो का? काठी ही डोंगरात राहणाऱ्यांचीच वस्तू, आपण शहरातले तिला म्हातारपणाला जोडून बसलोय.

अर्ध्या वाटेवर एक ताकवाल्या मावशी बसतात, मडकं आणि स्टीलचे ग्लास, बाजूला काकडी, उकडलेल्या शेंगा आणि चिंचा. त्यांना ह्या काठ्यांचं फार कुतूहल. एकदा म्हणाल्या, "ताई, दोन दोन कशाला, येक पुरत न्हाय व्हय?" मी एक त्यांच्या हातात दिली. त्यांनी उलटीसुलटी करून बघितली, लिव्हर उघडून बघितलं, सर्रकन आत गेली तशा दचकल्या आणि मग हसायलाच लागल्या. "ही तर आत पळती! आमची बांबूची बरी, पळत न्हाय कुठं." मग लांबी लावून दिली, चार पावलं खाली जाऊन बघितलं, म्हणाल्या हलकी हाय की. किंमत विचारली, सांगितली, त्यावर काहीच बोलल्या नाहीत, फक्त ताकात मीठ जरा जास्तच पडलं त्या दिवशी. आणि संध्याकाळी ह्याच मावशी डोक्यावर पाटी घेऊन साध्या चपलेत त्याच वाटेनं माझ्या निम्म्या वेळात खाली येतात, हेपण इथे लिहायला हवं. काठी आपल्यासारख्या खुर्चीत बसणाऱ्यांची गरज आहे, डोंगराची नाही.

बरं, बांबूची काठी चालेल का, असं कुणी विचारेलच. चालेल की. चांगला वाळलेला, टणक बांबू असेल तर मस्त चालतो, फुकटात किंवा वीस-तीस रुपयांत, आणि लॉक घसरायची भानगडच नाही. अडचण दोनच, लांबी बदलत नाही आणि बसमध्ये सांभाळावा लागतो. माझी जोडी मिटवली की साठ-पासष्ट सेंटीमीटर होते, सॅकच्या बाजूला उभी राहते, बसमध्ये कुणाच्या पोटात टोचत नाही, फक्त टोकांवर टोप्या घालायच्या. विमानानं जाणार असाल तर मात्र केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, चेक-इनच्या बॅगेत टाका.

कुठे ह्या काठ्या काहीच कामाच्या नाहीत तेही ऐका, कारण जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. राजगडाला गुंजवण्याच्या बाजूनं गेलात तर चोर दरवाजाच्या आधी जो कातळातला उभा टप्पा आहे, रेलिंग धरून जायचा, तिथे हात रिकामेच पाहिजेत. काठी मनगटाला लोंबकळत ठेवून तिथे चढणारे मी बघितलेत, मागच्याच्या डोळ्याच्या उंचीवर ते टोक हलत असतं, बघूनच पोटात गोळा येतो. आधीच थांबायचं, मिटवायची, सॅकला नीट बांधायची आणि मग हात घालायचा. बालेकिल्ल्याला तेच. पाली दरवाजानं गेलात तर पायऱ्या आहेत, तिथे उतरताना काठ्या छान चालतात. कळसूबाईला बारी गावातून जाताना लोखंडी शिड्या आहेत, तिथेही मिटवाच, शिडीच्या पायरीत काठी अडकली की वरचे-खालचे सगळे खोळंबतात आणि सुट्टीच्या दिवशी तिथे किती रांग असते ते जाऊन आलेल्यांना विचारा. शिड्या सोडल्या तर मात्र १६४६ मीटरवरून खाली येताना, तो सगळा लांबलचक उतार, काठ्यांनीच निभावला. आमच्या गटातल्या दोघींनी शेवटी माझ्यातली एकेक उसनी मागितली, दिली, आणि मग पुढचा तासभर माझीच पंचाईत.

आणखी एक, गडावरच्या पायऱ्या, जोती, तटबंदी, दरवाजे, ह्यांच्यावर उघडं टोक टोचत जाऊ नका. टोक टंगस्टन कार्बाइडचं असतं, फार कडक, दगडावर पांढरे ओरखडे उठतात. राजगड २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला आणि आपण तिथल्या पायऱ्यांना भोकं पाडत फिरायचं, हे बरं दिसतं का. बांधकामावर आणि कातळावर रबरी टोपी घालायची, तिची पकडही कोरड्या कातळावर जास्त चांगली, नुसतं टोक गुळगुळीत कातळावर सरकतं आणि टक टक आवाजानं स्वतःचंच डोकं उठतं, आणि शांततेसाठी आलेल्या बाकीच्यांचंही. मातीत, चिखलात, घसाऱ्यावर मात्र टोपी काढायची, टोक रुतलं पाहिजे. म्हणजे टोपी घाल, टोपी काढ हे सारखं चालू राहतं, कंटाळा येतो, आणि ह्या घालण्या-काढण्यातच टोप्या हरवतात.

शेवाळलेल्या ओल्या दगडावर दोन्ही फेल. ना टोक धरत, ना रबर. तिथे बूट चांगले हवेत आणि सरळ बसून उतरायची तयारी हवी, त्यात काही कमीपणा नाही.

वापरायची पद्धत बघून घ्या, नाहीतर नुसतं ओझं. उतरताना काठी पायाच्या आधी टेकली पाहिजे, आधी काठी, तिच्यावर भार, मग पाऊल. बरेच जण पाऊल टाकून झाल्यावर काठी टेकवतात, त्याचा गुडघ्याला काय उपयोग? मोठी पायरी असेल तर दोन्ही काठ्या एकदम खाली टेकवायच्या आणि मग पाय सोडायचा. मुठीला जो पट्टा असतो त्यात हात खालून वर घालायचा आणि पट्ट्यासकट मूठ धरायची, मग भार मनगटावर येतो आणि मूठ आवळून धरावी लागत नाही. पण जिथे घसरायची शक्यता आहे तिथे पट्टा काढून ठेवायचा, पडलोच तर काठी सोडून देता आली पाहिजे, नाहीतर अंगठा मुरगळतो. हे सगळं पहिल्या दिवशी फार गुंतागुंतीचं वाटतं, थोड्या सरावानं हात आपोआप करायला लागतात, आणि मग तो काठ्यांचा एक ठेका लागतो, टप-पाऊल, टप-पाऊल, तो लागला की मला तरी बाकी काही सुचत नाही, आणि तेच तर हवंय. दुसऱ्या दिवशी दंड आणि खांदे दुखतात, तो बोनस व्यायाम समजा. श्वासही जरा जास्त लागतो, कारण हातांनाही काम पडतं.

आता तक्रारी. एक, पट्ट्याची शिवण. पावसाळ्यातच एका पट्ट्याची शिवण उसवली. कंपनीला मेल केला, फोटो पाठवले, ऑटोमॅटिक उत्तर आलं की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे आणि मग ती इतकी महत्त्वाची होती की पुढे कुणी काही बोललंच नाही. शेवटी चौकातल्या चांभारकाकांनी जाड दोऱ्यानं शिवून दिली, वीस रुपये, आता ती बाजू दुसऱ्यापेक्षा मजबूत आहे. दोन, लिव्हरचा स्क्रू सैल पडत जातो. निघायच्या आधी प्रत्येक वेळी काठीवर अंगाचा भार देऊन बघायचं, सरकली तर स्क्रू अर्धा फेरा आवळायचा. नाण्यानं होतं, पण मी सॅकमध्ये छोटा स्क्रूड्रायव्हर ठेवते. उतारावर ऐन भार दिल्यावर काठी आत गेली तर नसलेलीच बरी. तीन, आत स्प्रिंग असलेलं एक मॉडेल ह्याच किमतीत मिळतं, अँटी-शॉक म्हणून खपवतात, मैत्रिणीचं वापरून बघितलं, प्रत्येक टेकवण्याला हलकी उसळी येते आणि कुरकुर आवाज, मला अजिबात नाही आवडलं. ज्यांना मनगटाचा त्रास आहे त्यांना कदाचित बरं वाटेल.

देखभाल म्हणजे फार काही नाही. पावसाळ्यात घरी आल्यावर तिन्ही भाग सुटे करायचे, पुसायचे, रात्रभर तसेच वाळत ठेवायचे, मग जोडायचे. जोडलेल्याच ओल्या ठेवल्या तर आत पांढरा थर धरतो आणि भाग चिकटून बसतात. तेल-बिल अजिबात घालायचं नाही, आमच्या ह्यांनी कौतुकानं शिलाई मशीनचं तेल आणलं होतं, वेळेत अडवलं, तेलानं लॉकची पकडच जाते. आणि काठी बाहेर काढताना स्टॉपची खूण असते, तिच्या पुढे ओढायची नाही, आतला भाग कमी राहिला की तिथून वाकते.

एक घ्यावी की जोडी? गुडघ्यासाठी असेल तर जोडीच. एका काठीनं अंग एका बाजूला कलतं आणि काही वेळानं कंबर धरते, मी पावसाळ्यात एक घरी ठेवून जाऊन बघितलं. फक्त तोल सावरायला, ओढा ओलांडायला, गावातली कुत्री लांब ठेवायला हवी असेल तर एक भरपूर झाली. कुत्र्यांवरून आठवलं, पहाटे वाडीतून जाताना दोन काठ्यांचा माणूस बघून कुत्री जास्तच भुंकतात, तिथून जाताना मिटवून हातात धरा, गावाची झोप मोडू नका.

कुणी घेऊ नये? ज्यांचे गुडघे ठणठणीत आहेत आणि जे धावतच उतरतात त्यांनी. पर्वती-तळजाईसारख्या शहरातल्या टेकड्यांवर जाणाऱ्यांनी. ज्यांना सतत फोटो काढायचे असतात त्यांनीही, कारण दोन्ही हात अडकतात, मोबाइल काढायला काठी काखेत, मग ती पडते, मग ती वेचायला वाकायचं. माझा मोबाइल त्यामुळे सॅकमध्येच राहतो आणि एकदा खाली येईपर्यंत फोन उचलला नाही म्हणून ऑफिसातून बोलणी बसली, रविवारी सकाळी साडेनऊला! बोलू देत.

पाचात चार स्टार. एक पट्ट्याच्या शिवणीचा आणि त्या गप्प बसलेल्या कस्टमर केअरचा कापलाय. बाराशे रुपयांत माझ्या जीपच्या फेऱ्या बंद झाल्या, त्या पैशांत काठ्या कधीच वसूल झाल्या, आणि वर ताक पिऊनही उरतात. घेणार असाल तर ऑर्डर करतानाच रबरी टोप्यांचा एक सेट जास्तीचा टाका, काळ्या रंगाच्या असतात, वाटेत पडल्या की मातीत दिसत नाहीत, आणि पुढच्या वेळी मिळतीलच असंही नाही कारण साइज प्रत्येकाचा वेगळा.